दीड वर्षांनी आलेला फोन

आज सकाळी फोनवर त्याचं नाव दिसलं आणि हात थबकला. दीड वर्ष आम्ही बोललो नव्हतो. निवडणुकीच्या दिवसांत ग्रुपवर एका फॉरवर्डवरून जुंपली, शब्दाला शब्द वाढला, आणि मी सगळ्यांसमोर त्याला लिहिलं, "तू विकला गेलायस." मत पटत नाही म्हणणं वेगळं. मी त्याच्या हेतूवरच शंका घेतली. वीस वर्षं ज्याला ओळखते, त्याच्या!

"बाबांचं उद्या ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "तुला सांगावंसं वाटलं."

मी माफी मागितली. तो नुसता "असू दे गं" म्हणाला आणि गप्प झाला. मलाही पुढे बोलवेना.

दिवसभर टिळक-आगरकर डोक्यात आहेत. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले मित्र. आधी राजकीय स्वातंत्र्य की सामाजिक सुधारणा, यावरून इतके दुरावले की आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९५ मध्ये आगरकर गेले. वय फक्त ३८.

माझी मतं बदललेली नाहीत. त्याचीही नसणार. उद्या सकाळी सातला दवाखान्यात पोहोचते, असं त्याला कळवलंय.