गार असताना टकटक, गरम झाल्यावर गप्प : माझ्या गाडीचं इंजिन काम

सकाळी गार इंजिनला किक मारली की खणखणीत टकटक सुरू व्हायची आणि सात रस्ता ओलांडून विजापूर रोडला लागेपर्यंत ती निम्म्यावर यायची. गाडी शंभर सीसीची, जुनी, कार्ब्युरेटरवाली. रोज सोलापूर ते मंद्रूप जाऊन येऊन तिचा काटा ऐंशी हजारांच्या पुढं गेलेला. उन्हाळ्यात आवाज वाढला, ॲव्हरेज साठवरून पन्नासच्या खाली आलं आणि ऑइलची कांडी वेळेआधीच कोरडी दिसायला लागली. एकदा मागून येणाऱ्या मित्रानं सांगितलं, "रेस दिली की निळा धूर सोडती की तुझी गाडी."

पहिल्या गॅरेजमध्ये दोनदा रेस देऊन निकाल लागला : इंजिन काम, गाडी ठेवून जा. काय काय बदलणार विचारलं तर "उघडल्यावर कळेल". आता उघडल्यावर कळतंच, त्याला फिटर कशाला पाहिजे? उघडण्याआधी किती कळतं ते सांगणारा माणूस मला हवा होता. शेजाऱ्यांनी पूर्व भागातल्या एका मामांकडं पाठवलं.

मामांच्या दुकानाला लागूनच कारखाना. यंत्रमागाचा खडखडाट दिवसभर चालूच, समोरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. अशा ठिकाणी इंजिनचा आवाज ऐकणार कसा, अशी मला शंका आली. मामांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनवर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाच्या पुढच्या हाडाला दाबून धरली. हेडवर एकदा, टायमिंग चेनच्या बाजूला एकदा, सिलिंडरच्या मध्यावर जरा जास्त वेळ, शेवटी खाली क्रँककेसवर. मग ती मूठ माझ्या कानाला लावली. कारखान्याचा आवाज मागं गेला आणि आतला एकेक ठोका वेगळा ऐकू आला. हेडवर बारीक, पटपट टिकटिक होती. सिलिंडरवर मात्र जाड, बोथट ठोका.

"मालक, दोन आवाज हायेत," मामा म्हणाले. "एक स्वस्तातला, एक महागातला. आधी स्वस्तातला काढू."

त्याच्याही आधी त्यांनी बाहेरचं सगळं तपासलं. इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सायलेन्सरची पत्री, चेन कव्हर. सायलेन्सर जिथं हेडला बसतो तिथलं पॅकिंग गेलं असेल तर फटफट अगदी टॅपेटसारखी, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या फटीच्या टिकटिकीसारखी, ऐकू येते आणि लोक उगाच हेड उघडून बसतात. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचकडं बघायचं. आमचा बदलला नाही.

टॅपेट दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना केले. मॅग्नेटोवरची टी खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची खूण, जुळवायची आणि दोन्ही रॉकर हातानं हलतात ना ते बघायचं. हलत नसतील तर पिस्टन एग्झॉस्टच्या फेऱ्यात वर आलाय, क्रँक आणखी एक वेढा फिरवायचा. माझ्या गाडीला दोन्हीकडं 0.05 मिलिमीटरचा गॅप लागतो. फट मोजायच्या फिलर गेजची पाती किंचित अडत सरकली पाहिजे. एग्झॉस्टचा गॅप बराच वाढला होता. टिकटिक गेली, जाड ठोका राहिला.

गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, हीच खरी खूण. सिलिंडर झिजून पिस्टन सैल झाला की तो वर-खाली जाताना कलतो आणि भिंतीवर आपटतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन गरम होऊन सिलिंडरच्या आतल्या बिडाच्या स्लीव्हपेक्षा जास्त फुगतो, फट कमी होते, आवाज दबतो. बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, गेलेलं असतं तर उलटं झालं असतं : गरम होऊन ऑइल पातळ झालं आणि चढाला लोड आला की खालून ठोका वाढला असता. टायमिंग चेन असती तर रेस सोडताना खळखळ जास्त आली असती. धुराचंही तसंच. बराच वेळ रेस सोडून उतार उतरल्यावर परत रेस देताना एकच भपका आला तर संशय वॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या गाईडवर आणि त्यांच्या सीलवर. जोर लावताना सतत धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांवर.

हे सगळं अंदाजाचं झालं, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. प्लग काढून गेज लावला, रेस पूर्ण पिळून धरली आणि काटा थांबेपर्यंत किका मारल्या. काटा चौरस सेंटिमीटरला साडेसहा किलोच्या आसपास अडला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर नऊच्या वर गेला. ऑइलनं रिंगांची फट तात्पुरती बुजली म्हणून दाब वाढला. गळती वॉल्व्हमधून असती तर एवढा फरक पडला नसता. मी तिथंच इंजिन उघडायला होकार दिला.

पण मामांनी आधी एअर फिल्टरचा डबा उघडला. तिथून कार्ब्युरेटरकडं जाणारा रबरी बूट नीट बसलेला नव्हता. मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी क्लिप न आवळता तशीच सोडलेली. बुटाच्या आत बोट फिरवलं तर राखाडी, पिठासारखी धूळ. मंद्रूपच्या रस्त्याची ती धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ सिलिंडरमध्ये जात होती. मातीतले बारीक वाळूचे कण लोखंडापेक्षा कडक असतात. ऑइलमध्ये मिसळले की वॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, दोन्ही घासत राहतात. हा बूट तसाच ठेवून नवा पिस्टन टाकला असता तर तोही असाच गेला असता. तो पहिला गॅरेजवाला इथपर्यंत पोचला असता का, कोण जाणे.

ब्लॉक निघाल्यावर बोअरच्या वरच्या बाजूला कड नखाला लागली. रिंगा जिथपर्यंत जातात तिथपर्यंत झीज, त्याच्या वर मूळ माप तसंच. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या भागावर, उभे ओरखडे होते. मग माझ्या जिवाला घोर लावणारी तपासणी : मामांनी कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढला. तिथं जराही खेळ असता तर क्रँक उतरवून प्रेसवर न्यावा लागला असता आणि खर्च दुप्पट झाला असता. आडवा थोडा हलतो, तो हलायचाच. उभा खेळ शून्य निघाला.

बोअरिंगला, म्हणजे झिजलेला बोअर कापून मोठा करायला, जाताना नवा पिस्टन बरोबर न्यावा लागतो, कारण पिस्टनचं माप घेऊन त्यावर बोअर कापतात. मूळ बोअर 50 मिलिमीटरचा. लेथवाल्यानं बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतलं. झीज वर, पुढं-मागं जास्त, कारण पिस्टन त्याच दिशेनं आपटतो. 0.25 मिलिमीटरच्या ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे तेवढ्यानं मोठ्या पिस्टनमध्ये, काम भागलं, म्हणजे पुढच्या वेळेला 0.50 शिल्लक आहे. बोअर करून त्यानं होनिंग केलं, म्हणजे दगडानं आतून घासलं. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा आल्या. त्यांत ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा बसतात.

ब्लॉक हातात आल्यावर मी तो पेट्रोलनं धुवायला निघालो तर मामांनी अडवलं. "पेट्रोलनं तेल जातंय, पावडर जात नाही." होनिंगच्या दगडाची पूड रेषांत अडकून बसते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश, मग कोरडं करून ऑइल लावायचं आणि पांढऱ्या फडक्यानं पुसायचं. पहिल्यांदा फडकं करडं निघालं. परत धुतलं. परत करडं, पण फिकट. फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवायचं हा नियम, आणि फडकंही साध्या विणीच्या जुन्या धोतराचं. टॉवेलांच्या गावात राहून टॉवेल चालला नाही, त्याचे धागे सुटतात. धुणं झालं की लगेच ऑइल फासायचं, नाहीतर बघता बघता गंज धरतो.

हेडचं काम त्या मानानं किरकोळ. गाईड ठीक होते, सील बदलले, वॉल्व्ह घासले आणि पोर्टमध्ये पेट्रोल भरून कुठं पाझरतं का बघितलं. टायमिंग चेन आणि टेन्शनरचं रबर उघडलंच आहे म्हणून नवं टाकलं. जोडण्याआधी प्रत्येक रिंग नुसती बोअरमध्ये सरकवून टोकांमधला गॅप फिलर गेजनं मोजला. गॅप फार कमी राहिला तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडून रिंग मोडते. पिस्टनवर चढवताना खुणेची बाजू वर आणि तिन्ही रिंगांची तोंडं तीन दिशांना. क्लच कव्हरच्या आतला ऑइल फिल्टर आणि तळाची जाळीही साफ केली. तिथली काळी पेस्ट बोटांवर घासली तर करकरत होती.

सगळं मिळून पाच हजारांच्या थोडं वर गेलं.

चालू केल्यावर पहिली काही मिनिटं धूर आला, तो लावलेल्या ऑइलचा. गार इंजिनचा ठोका गेला होता. रनिंगसाठी, म्हणजे नवे भाग रुळेपर्यंत, मामांनी बजावलं : जागेवर ताटकळत चालू ठेवू नको, एकाच स्पीडनं लांब पळवू नको, वरच्या गिअरमध्ये रखडवू नको आणि एवढ्यात डबलसीट घेऊन तुळजापूरचा घाट चढू नको. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला सोडलं. त्यात बारीक चमक होती, लोहचुंबकालाही थोडं काळं चिकटलं. नव्या रिंगांचं पहिलं ऑइल असंच निघतं. पुढच्या ऑइलला चमक जवळपास नव्हती, आणि मधल्या काळात कांडीवरची पातळीही हलली नाही.

हेडवर अजून बारीक टिकटिक आहे. तेवढी काढून द्या म्हणून परत गेलो, तर मामांनी गॅप मोजून दाखवला आणि पाना खाली ठेवला. "टॅपेट टाइट केलं की आवाज जाईल, मग वॉल्व्ह नीट बसणार नाही, जळेल. ते वाजू दे, मालक. तू बुटाची क्लिप बघत जा."