बायबलचा तास

मैदानावर, स्नेहसंमेलनावर आणि मुख्याध्यापकांच्या दराऱ्यावर या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी बायबलच्या तासावर लिहितो. परीक्षा नाही, गुण नाहीत, त्यामुळे या तासाला मुलं वाटेल ते विचारायची आणि बाई विचारू द्यायच्या.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, विश्वासच बसत नसेल तर प्रार्थना कशी करायची? ते ढोंग नाही का?" आम्हाला वाटलं, हा आता बाहेर उभा राहणार. बाईंनी मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, नववा अध्याय उघडायला लावला.

तिथे एक बाप आहे. पोराला लहानपणापासून झटके येतात, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. येशूच्या शिष्यांकडे आणलं, त्यांना जमलं नाही. आता तो येशूला म्हणतो, आपल्याला काही करता येत असेल तर करा. त्या 'येत असेल तर'वर येशू नेमकं बोट ठेवतो आणि बाप ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका."

"याला किती गुण द्याल?" बाईंनी विचारलं. बहुतेकांनी निम्मे दिले.

"मुलगा मात्र पूर्ण बरा झाला," बाई म्हणाल्या.

मग त्या शिष्यांकडे वळल्या, आणि माझ्या मते खरा धडा तिथे होता. सहाव्या अध्यायात याच शिष्यांना अशुद्ध आत्म्यांवर अधिकार मिळालेला, त्यांनी भुतं काढलेली. तरी इथे हरले. का, असं एकांतात विचारल्यावर उत्तर मिळालं की प्रार्थनेवाचून हे होत नाही. बाईंचा अर्थ असा, की शिष्यांना मागच्या शिदोरीवर भागवायचं होतं आणि बाप रिकाम्या हातांनी आला होता. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात हाच प्रसंग सांगताना मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरे, हे येशूचं वचन दिलं आहे. विश्वास केवढा आहे यापेक्षा तो कोणावर आहे, हे बाई पुनःपुन्हा विचारायच्या.

विश्वास असला की मागाल ते मिळतं, असं सांगणारी प्रवचनं मी पुढे पुष्कळ ऐकली. मला ती पटत नाहीत, कारण बाईंनी प्रेषित पौलाच्या 'शरीरातील काट्या'बद्दल, म्हणजे त्याला सतत सलणाऱ्या त्रासाबद्दल, आधीच वाचायला लावलं होतं. तो काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला. "माझी कृपा तुला पुरे आहे," एवढं उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी पडला, असं कोण म्हणेल?

बायबलमधल्या स्तोत्रांचंही तसंच. 13व्या स्तोत्रात दाविद राजा देवाला चार वेळा 'कुठवर?' विचारतो. 88वं तर अंधारातच संपतं. देवाशी असं बोलायचं असतं का, या आमच्या शंकेवर बाईंनी 22वं स्तोत्र काढलं. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही त्याची पहिली ओळ वधस्तंभावर येशूच्या तोंडी आहे. तक्रारसुद्धा देवाकडेच करायची, पाठ फिरवून नाही.

आणि एक गोष्ट, तेव्हा भारी जाचक वाटलेली. वर्गात दोघांचा अबोला असला की बाई प्रार्थना सुरू करायच्या नाहीत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीवर दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. सगळा वर्ग ताटकळत असताना समेट करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत! पण देवाजवळ जायची वाट शेजारच्या बाकावरून जाते, हे असं कळलं, पाठांतराने कळलं नसतं. (वचनं पाठ करून बक्षिसं मिळवणाऱ्यांत मीही होतो. त्यातली निम्मी आज आठवत नाहीत.)

शाळा सोडताना बाईंनी उपदेश केला नाही, हिशेब दिला. स्तोत्रं 150, रोज पाच वाचली की महिन्यात संपतात. मन लागो न लागो, वाचायची. मी अजून वाचतो. 31 तारखेला सुट्टी मिळते, पण त्याआधी 24 तारखेला 119वं स्तोत्र येतं, 176 वचनांचं, आणि त्या दिवशी बाईंचा थोडा रागही येतो.