प्रागमधले दोन दिवस

रात्रीच्या बसने आम्ही सहा जण पहाटे साडेपाचला प्रागला उतरलो. झोप कुणाचीच झालेली नव्हती. खोली दुपारी मिळणार होती, म्हणून सॅक पाठीवर टाकून थेट चार्ल्स पूल गाठला. हेच बरं झालं. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कडांना मिळून ३० पुतळे, खाली व्ल्टावा नदी आणि अख्ख्या पुलावर आम्ही आणि एक झाडूवाला. संत जॉनच्या पुतळ्याखालची कांस्याची पाटी काळपट पडलीय, पण लोकांनी हात लावून लावून तिच्यावरचा एक ठिपका सोन्यासारखा चकाकतो. मीही लावला. गार होता.

१४१० सालचं खगोलीय घड्याळ बघायला मात्र ही गर्दी! तास भरला, घड्याळावरच्या सांगाड्याच्या पुतळ्याने दोरी ओढली, खिडक्यांतून प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळे फिरून गेले, कोंबडा आरवला. "झालं?" मागून कुणीतरी म्हणालं. मला तर तबकडीच जास्त आवडली; सूर्य कुठल्या राशीत आहे तेसुद्धा दिसतं तिच्यावर.

संध्याकाळी ट्राममध्ये तपासनीस आला. तिकिटं होती, पण पिवळ्या यंत्रात शिक्का मारायचाच राहिलेला. दंडात जेवणाचे कोरुना, म्हणजे तिथले पैसे, गेले. रात्री सहा जणांत दोन पाव.