कन्सोल की पीसी, पाच वर्षांचा हिशेब : सांगलीची वही, नोंद चौथी

गेम खेळायला कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) परवडतो की पीसी, याचा हा हिशेब. मागच्या नोंदीत खरेदीचा खर्च संपला. या वेळी वीज, बॅकअप, गेम्स आणि थोडं अपग्रेड. माप तेच आहे: रोज ३ तास, ५ वर्षं.

विजेबद्दल उगाच हाकाटी फार होते. सोनीचा पीएस फाइव्ह कन्सोल मोठ्या गेममध्ये साधारण २०० वॉट ओढतो, म्हणजे महिन्याला १८ युनिटं. रायझन ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचा पीसीही तिथंच घुटमळतो, कारण ते कार्डच मुळात ११५ वॉटचं. आरटीएक्स ३०८० हे कार्ड एकटंच ३२० वॉट खातं. तो पीसी ४५० वॉट धरला तर महिन्याला ४० युनिटं. तेव्हा भांडण कन्सोल-पीसीचं नाही, कार्डाचं आहे.

आता हे महावितरणच्या बिलात बसवा. घरचा वापर २८० युनिटं असेल तर कन्सोलसकट २९८, म्हणजे १०१ ते ३०० च्या टप्प्यातच. जड पीसीसकट ३२०; वरची २० युनिटं पुढच्या महाग टप्प्यात गेली. म्हणून सरासरी दरानं गुणू नका, जी युनिटं ज्या टप्प्यात पडतात ती त्या दरानं गुणा. मे महिन्यात हवेचा कूलर लागला की दोघंही वरच.

वळीव आला की वीज जाणारच, म्हणून यूपीएस दोन्हीकडे धरलाय. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॉटच देतो. कन्सोल आणि मध्यम टीव्ही त्यावर गेम सेव्ह करण्यापुरते तगतात. ४५० वॉटचा पीसी मात्र लाइट जाताच धाडकन बंद पडतो, आणि लोक बॅटरी बदलत बसतात. बॅटरी चांगली असते, भार जास्त असतो. शिवाय अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसना (पीसीच्या पॉवर सप्लायना) स्वस्त यूपीएसच्या विजेची ओबडधोबड लहर, म्हणजे वेव्ह, झेपत नाही. घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाऱ्या, म्हणजे प्युअर साइन वेव्हच्या यूपीएसचे जादा पैसे पीसीच्या खात्यात लिहा. घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर मागचा स्विच ‘यूपीएस’वर हवा.

खरा पैसा गेम्समध्ये जातो. भारतात एप्रिल २०२४ मध्ये पीएस फाइव्ह स्लिम आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल (डिस्क न चालणारा, फक्त डाउनलोडचा) ४४,९९० रुपयांना होता. फरक १०,००० चा. ४,९९९ ची डिस्क खेळून २,५०० ला गेली तर चार डिस्कांत तो फरक वसूल. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात अदलाबदल करणारे चार जण गाठीला असतील तर डिजिटल घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मात्र डिस्क पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत विका, नंतर भाव पडतो. पीसीवर विक्री नाही, पण जून-जुलै आणि डिसेंबरमध्ये स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात लागणाऱ्या सेलपर्यंत दम धरणाऱ्याला जुने गेम्स चिल्लरभावात मिळतात. कन्सोलवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते. वर्षाला ४,००० धरले तर पाच वर्षांचे २०,०००. फुकटच्या गेम्सना ती लागत नाही. त्यामुळे फक्त फोर्टनाइटसारखा फुकटचा गेम खेळणाऱ्यानं हा आकडा खोडून टाकावा.

अपग्रेडमध्ये पीसी पुढे, पण सॉकेट (मदरबोर्डावरची प्रोसेसरची खाच) तेच राहिलं तरच. एएम फोर सॉकेटच्या बी ४५० बोर्डावर ५८०० एक्स थ्रीडी प्रोसेसर बसतो. रॅम, कॅबिनेट तेच राहतं. तिथून पुढच्या एएम फाइव्ह सॉकेटला जायचं तर बोर्ड आणि डीडीआर फाइव्ह रॅमही नवी.

प्रोसेसर बदलताना क्रम चुकवू नका. जुना प्रोसेसर असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर डिस्प्लेच येत नाही. मग पीसी दहा मिनिटं गेममध्ये तापवा, बंद करून प्लग काढा, प्रोसेसरवरचा कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा आणि मगच उचला. थंड असताना सरळ ओढला तर दोघांमधल्या सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटचं लॉक न उघडताच कूलरला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. एखाद-दुसरी वाकली असेल तर शिसं काढलेल्या क्लिकच्या पेन्सिलीचं तोंड तिच्यावर बसवून अलगद सरळ करता येते.