अटलांटाच्या उत्तरेला बिऱ्हाड मांडताना

१८ जून, बुधवार, रात्र

जून निम्मा सरला की अटलांटाच्या उत्तरेकडे यायला निघालेल्या घरांची घाई सुरू होते. अमेरिकेतल्या या जॉर्जिया राज्यात शाळा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपासच उघडतात. न्यू जर्सीतून येणारे सप्टेंबर धरून चालतात आणि मुलाचे पहिले काही आठवडे बुडतात.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपली माणसं कुठे जास्त आहेत? मग जॉन्स क्रीक, अल्फारेटा, कमिंग, सुवानी ही नावं पुढे येतात. प्रश्नात चूक काहीच नाही. गणपतीत आरतीला हाकेच्या अंतरावर चार घरं असावीत, मुलांना रविवारची मराठी शाळा जवळ पडावी, असं कुणालाही वाटणारच. पण आपल्या माणसांची गर्दी म्हणजे मिश्र, मोकळ्या मनाचं गाव नव्हे, आणि घर शोधताना नेमकी इथेच गल्लत होते.

कमिंग हे फोरसाइथ काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य गाव. १९१२ साली या काउंटीतून हजाराहून अधिक कृष्णवर्णीयांना धाकदपटशाने हुसकावून लावलं. पुढे कित्येक दशकं तिथे कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स यांच्यासोबतच्या मोर्चावर दगड-बाटल्या पडल्या, तेव्हा पुढच्याच आठवड्यात हजारोंचा मोर्चा आला. आज त्याच काउंटीच्या दक्षिण भागात आपली घरं रांगेने आहेत. २०२० च्या जनगणनेत तिथे आशियाई सुमारे १८ टक्के होते, कृष्णवर्णीय मात्र ४ टक्क्यांच्या आसपास. ज्या रस्त्यावर मुलं वाढणार, त्या रस्त्याचा इतिहास आईवडिलांना ठाऊक असायलाच हवा असं मला फार वाटतं. शेजारच्या ग्विनेट काउंटीत कोणताच गट निम्म्यावर नाही: डुलुथकडे कोरियन दुकानांच्या पाट्या, नॉरक्रॉसकडे लॅटिनो वस्ती, लिलबर्नला २००७ साली उभं राहिलेलं स्वामीनारायण मंदिर. शाळांच्या गुणांकनात ग्विनेटच्या काही शाळा खाली दिसतात म्हणून लोक ती यादीतूनच काढतात. घाई होते ती. त्या एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे काउंटीच्या शाळा चालवणाऱ्या मंडळात, शंभराहून कितीतरी जास्त शाळा आहेत, त्यामुळे काउंटीच्या नावावर नाही, त्या एका शाळेच्या आकड्यांवर निर्णय घ्यावा.

रिअल्टरला, म्हणजे घर शोधून देणाऱ्या दलालाला, विचारून हे कळत नाही. ‘वस्ती इंडियन आहे का, शेजार कसा आहे’ असं विचारलं की तो विषय बदलतो आणि लोकांना वाटतं माणूस काहीतरी लपवतोय. खरं म्हणजे १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश किंवा धर्म पाहून गिऱ्हाईक एखाद्या वस्तीकडे वळवणं त्याला मना आहे. म्हणून आकडे आपणच काढायचे. राज्याच्या शिक्षण खात्याकडे प्रत्येक शाळेतल्या मुलांची गटवार संख्या मिळते, ती पाहावी. घराचा पत्ता डिस्ट्रिक्टच्या नकाशात टाकून शाळा स्वतः ताडून घ्यावी, जाहिरातीतल्या शाळेच्या नावावर विसंबू नये. नवी शाळा उघडली की हद्दी पुन्हा आखतात, आणि नवी घरं भराभर उठतात त्या भागात हे हटकून होतं.

आकड्यांनंतर डोळ्यांनी पाहायचं. शनिवारी सकाळी तासभर गावच्या लायब्ररीत बसावं. गोष्टीच्या तासाला कोणाकोणाची मुलं येतात, आया एकमेकींशी बोलतात की आपापल्या कोंडाळ्यात उभ्या राहतात, हे तिथे उघड दिसतं. शाळा पाहायला परवानगी मिळाली तर जेवणाच्या सुट्टीची वेळ मागावी. पोळीभाजीचा डबा उघडणारं मूल कुणाशेजारी बसलंय, त्यावरून शाळेची हवा कळते.

प्रवेशाच्या कागदांत दोन फॉर्म अडवतात. ३२३१ हा लसीकरणाचा, ३३०० हा दृष्टी, श्रवण, दात आणि पोषण यांच्या तपासणीचा. भारतातलं किंवा दुसऱ्या राज्यातलं लसीकरणाचं कार्ड तसंच चालत नाही, जॉर्जियातल्या डॉक्टरकडून किंवा काउंटीच्या आरोग्य केंद्रातून ते ३२३१ वर उतरवून घ्यावं लागतं. भारतातून आलेल्या मुलांचे हिपॅटायटिस ‘ए’चे दोन डोस बहुतेक वेळा झालेले नसतात आणि त्या दोन डोसांत सहा महिने जावे लागतात. पहिला डोस घेऊन पुढची तारीख टाकलेला दाखला मिळतो, म्हणून घाबरू नये.

तिसरा कागद आहे घरच्या भाषेचा. तीन छोटे प्रश्न असतात. पुष्कळ आईवडील तिथे ‘इंग्लिश’ लिहितात, कारण ‘मराठी’ लिहिलं तर मूल मागे टाकतील अशी भीती. तसं होत नाही. मराठी लिहिलं की इंग्रजीची एक चाचणी होते. ज्याला येतं ते मूल पार होतं आणि विषय संपतो, ज्याला कमी येतं त्याला इंग्रजीची जादा मदत फुकट मिळते. खोटं लिहिलं की ती मदतच हुकते. आणि ज्या भाषेत आपण मुलाला निजवतो ती पहिल्याच कागदावर लपवायची, हे काही मनाला पटत नाही.

आईबाबा सहा महिने राहायला येणार असतील तर घर पाहताना पायवाट पाहावी. ग्विनेटच्या मतदारांनी १९७१, १९९० आणि २०१९ मध्ये मार्टाला, म्हणजे अटलांटाच्या रेल्वे-बस सेवेला, नकार दिला, २०२४ मध्ये वाहतुकीचा करही नाकारला. रेल्वे उत्तरेला नॉर्थ स्प्रिंग्सला संपते, ईशान्येला डोराविलला. गाडी न चालवणाऱ्या माणसाचं जग म्हणजे सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, फाटकाच्या आतलं. फाटकापासून बाग, मंदिर किंवा दुकान यांपैकी एक तरी गोष्ट फुटपाथने गाठता येते का, हे स्वतः चालून पाहावं. नकाशात रेघ दिसते आणि प्रत्यक्षात फुटपाथ वळणावर संपून समोर चार पदरी रस्ता येतो, असं इथे वारंवार होतं. तिथे गालिच्यासारखी पसरलेली हिरवळ असते, पण आजोबांना पाय ठेवायला जागा नसते.

विकत घेणाऱ्यांनी एचओएची, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाची, नियमावली करारातल्या ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे तपासणीच्या मुदतीच्या, दिवसांतच वाचावी आणि भाड्याचं कलम आधी शोधावं. कित्येक ठिकाणी ठरावीक घरांपलीकडे भाड्याने देता येत नाही. एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर बहुधा ६० दिवस हाती असतात. त्यात घर विकावं लागलं आणि भाड्याची वाट बंद निघाली, तर सगळी कमाई घाईच्या विक्रीत अडकते. तळघर असेल तर रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी करूनच घ्यावी. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (किरणोत्साराचं माप) वर आकडा आला तर उपाय बसवून देण्याबद्दल विक्रेत्याशी बोलता येतं.

मोठी मुलं असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट. कॉलेजसाठी राज्याकडून मिळणाऱ्या होप शिष्यवृत्तीचं कौतुक सगळीकडे होतं, पण ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकासारख्या पात्र मुलांनाच मिळते. एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वनबीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, मुलाला ती मिळत नाही, म्हणून कॉलेजच्या खर्चाच्या हिशेबात तिला धरू नये.

बाकी एप्रिलमधली पाइनच्या झाडांची पिवळी धूळ तर गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी साचते. दम्याचं मूल असेल तर खोलीच्या खिडक्यांची फट आणि एसीचा फिल्टर घर घेण्याआधीच पाहावा. आणि ३२३१ साठी डॉक्टरची वेळ जुलै सुरू होण्याआधीच घेऊन ठेवावी. शाळा तोंडावर आली की ती मिळत नाही.