सहावा आठवडा आणि बारा क्रेडिट

सत्राचा सहावा आठवडा लागला की आमच्या ऑफिसबाहेरच्या खुर्च्या भरायला लागतात. पहिल्या परीक्षांचे मार्क हातात पडलेले असतात. अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात मी काम करते.

मागच्या सत्रात एक मुलगा आला तो लॅपटॉप उघडूनच. कॅल्क्युलस सोडायचं ठरलेलं, फक्त बटण दाबायचं बाकी. माझं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं: एकूण क्रेडिट, म्हणजे घेतलेल्या विषयांच्या अभ्यासाचं माप, १२. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी करणाऱ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट लागतात. आधी परवानगी न घेता एक विषय सोडला, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात. "थांब, आधी हात बाजूला घे," एवढंच मी म्हणाले. मग व्हिसाचं काम बघणाऱ्या सल्लागाराला बोलावलं, आठवड्यातून दोनदा ट्यूटर ठरवला. तो विषय त्याने पूर्ण केला. मेलमध्ये फक्त "बी-मायनस!" एवढंच होतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

यात विद्यापीठाचं काय साधतं? इथल्या बऱ्याच खासगी विद्यापीठांचा गाडा फीवर चालतो. पहिल्या वर्षानंतर एक मुलगा गेला की तीन वर्षांची फी गेली. शिवाय १९९० च्या कायद्याप्रमाणे पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करावं लागतं. चार वर्षांच्या पदवीला त्यासाठी सहा वर्षांची मुदत धरतात. सोडून गेलेला मुलगा दुसरीकडे पदवीधर झाला, तरी पहिल्या विद्यापीठाच्या यशात तो मोजला जात नाही.

मुलं कॉलेज का सोडतात याचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की मुलं नुसत्या मार्कांपायी जात नाहीत. तिथल्या अभ्यासात आणि माणसांत ती रुजली नाहीत की जातात. मी हे रोज बघते. म्हणून बजेट कापताना पहिली कात्री आमच्या विभागाला लागते, तेव्हा जीव तुटतो.

पालकांचे फोन येतात. १९७४ च्या कायद्यामुळे मुलाच्या लेखी संमतीशिवाय मार्क सहसा सांगता येत नाहीत. तो संमतीचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून घ्या.

आणि प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला क्रमवारीच्या बरोबरीने हेही विचारा: एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी असतात? भेटीची वेळ किती दिवसांत मिळते?