दोन मिलिमीटरचा गंधार

रविवार, रात्रीचे साडेदहा
नौपाडा, ठाणे

आज बाईंनी माझ्या व्हायोलिनवरच्या चिकटपट्ट्या काढायला लावल्या. बोटं कुठे पडायची ते दिसावं म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच लावलेल्या. सतारीला पडदे असतात, इथे नुसतं काळं लाकूड. नखाने खरवडताना पोटात गोळा आला होता.

पावसाळी हवेने खुंट्या फुगल्यात, त्यामुळे तारा मिळवण्यातच बराच वेळ गेला. मग भूप राग. गंधारावर, म्हणजे 'ग'वर, थांबले, तर बाई म्हणाल्या, "चढलाय." मी म्हटलं, बाई, रोज मोबाईलच्या ट्यूनरवर बघते, काटा मधोमध असतो. त्यांनी कोपऱ्यातला तानपुरा घेतला, खिडकी लावली आणि फक्त खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार सावकाश छेडत राहिल्या. "खर्जाच्या पोटात ऐका."

आधी काहीच कळेना. सात-आठ वेळा तार वाजली आणि त्या भरीव आवाजावर एक बारीक धागा तरंगताना ऐकू आला. गंधार! वाजवला कुणीच नव्हता. स्वयंभू गंधाराबद्दल वाचलं होतं, कानाला तो आज भेटला. आणि माझ्या गंधारापेक्षा तो खरंच खाली होता.

घरी आल्यावर पट्टी घेऊन बसले. षड्जाशी, म्हणजे 'सा'शी, शुद्ध गंधाराचं नातं ५:४ चं, म्हणजे तारेचा पाचवा हिस्सा सोडून बोट. माझी तार वरच्या टोकापासून घोडीपर्यंत (तारा जिच्यावर टेकतात ती) ३२५ मिलिमीटर, म्हणजे गंधार ६५ वर. ट्यूनर आणि पेटी (हार्मोनियम) सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, त्या हिशेबाने तो येतो ६७ वर. चिकटपट्टीचा डाग बरोबर तिथेच आहे. दोन मिलिमीटर! बोटाचं टोकच त्याच्या कितीतरी पट रुंद. आकाशवाणीवर १९४० पासून तीन दशकं पेटीला बंदी होती, त्यामागे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही या तक्रारीबरोबरच सप्तकाच्या या सारख्या वाटणीचीही तक्रार होती. ती मला पहिल्यांदाच आतून पटली. तरी पेटीला काय बोल लावू, दोन वर्षं मी कानाला विचारलंच नाही याचं वाईट वाटतंय.

पंचमाचं, म्हणजे 'प'चं, बरं असतं. षड्जाच्या तारेवर तो नेमका लागला की शेजारची मोकळी पंचमाची तार आपणहून थरथरते, बोटाखाली जाणवते. गंधाराला माझ्या वाद्यावर असा साक्षीदार नाही. शिवाय तारेवर फिरवायचा गज जास्त दाबला तरी सूर किंचित हलतो.

जेवणं झाल्यावर पुन्हा बसले. मोबाईलच्या तानपुऱ्यात खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून तो मोठ्या स्पीकरला जोडला. बोट सवयीने त्या डागाकडेच धावतं, मग कणभर मागे घ्यायचं. चाळीसेक वेळा केलं असेल, तीनदा लागला. तिसऱ्यांदा माझा सूर कुठला आणि तानपुऱ्याचा कुठला, वेगळं काढता येईना. गज संपेपर्यंत श्वास धरून बसले होते.

बुधवारपर्यंत फक्त सा आणि ग.